चढाला उकळणारी गाडी

गल्लीत त्याला नावानं हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं. सगळे त्याला ‘थांबा’ म्हणत. गाडी गॅरेजच्या दारात शिरली, ड्रायव्हरनं तोंड उघडलं, की आतून पहिला शब्द यायचा तो हाच. "थांबा!" मग कपाळावरचा चष्मा नाकावर ओढत, चिंधीला हात पुसत तो बाहेर यायचा आणि म्हणायचा, "इंजिन बंद करा. हं, आता बोला. काय झालं ते तुम्ही सांगा, का झालं ते मी बघतो." समोरच्या सलूनवाल्यानं ही नक्कल इतकी घोटली होती, की गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं रे टेकलं की तो कात्री बाजूला ठेवायचा, नसलेला चष्मा नाकावर ओढायचा आणि घोगऱ्या आवाजात म्हणायचा, "थांबा. डोकं बंद करा. हं, आता बोला."

थांबाला त्याचा राग नव्हता. तो शब्द त्याच्या डाव्या हातावर लिहिलेला होता. एकोणिसाव्या वर्षी बस डेपोत नवा लागला असताना त्यानं उकळत्या रेडिएटरचं झाकण घाईनं फिरवलं. झाकण उडालं छताला आणि पाणी उडालं याच्यावर. कोपरापासून मनगटापर्यंत नवं कातडं आलं ते गुलाबी, गुळगुळीत, एक केस नसलेलं. तेव्हापासून त्याचे दोन नियम झाले. तापल्या गाडीला हात नाही, आणि पुरावा मिळाल्याशिवाय पाना नाही. इतर मेकॅनिक पार्टामागून पार्ट बदलत सुटायचे आणि गाडी सुधारली की शेवटच्या पार्टाची पाठ थोपटायचे. थांबा भिंतीवर खडूनं यादी लिहायचा. एकेक वस्तू तपासायची, चांगली निघाली की तिच्यापुढे फुली मारायची, आणि मगच पुढचीकडे वळायचं. उशीर व्हायचा. लोक बोटं मोडायचे. पण त्याच्या हातून गेलेली गाडी सहसा परत यायची नाही.

बुधवारी दुपारी एक परत आली, आणि तीही त्याच्या सख्ख्या बहिणीची.

बहिणीला घरीदारी सगळे ‘छोटी’ म्हणत. वय बेचाळीस, उंची भावापेक्षा चार बोटं जास्त, पण छोटी ती छोटीच. सात सीटांच्या गाडीतून ती टेकडीवरच्या शाळेत मुलं ने-आण करायची. नऊ वर्षं झाली. कुठल्या मुलाला डाव्या खिडकीशी बसवलं की मळमळतं, कोण बूट विसरतं, कोणाला सकाळी बोललेलं चालत नाही, सगळं तिला पाठ. स्वतःला मात्र बोलल्याशिवाय चालायचं नाही, आणि बोलताना स्वल्पविराम नावाची गोष्ट तिला ठाऊक नव्हती.

"दादा तापमानाचा काटा वर गेला म्हणजे आधी अर्ध्यावरच होता पूल ओलांडला तरी अर्ध्यावर आणि चढ लागला आणि तिसऱ्या वळणावर बघते तर लाल मी लगेच बाजूला घेतली पोरांना उतरवलं भिंतीला टेकून उभं केलं एकमेकांचे हात धरायला लावले आणि बॉनेटमधून नुसती वाफ आणि ती चष्मेवाली मुलगी विचारते मावशी गाडी इस्त्री करतेय का?"

"थांब. श्वास घे," थांबा म्हणाला. "सोमवारी तापली म्हणालीस, तीही तिथेच?"

"त्याच वळणावर! आणि मोठ्या बाईंचा फोन आला." छोटीनं पाठ ताठ केली, हनुवटी वर नेली आणि मुख्याध्यापिकेच्या आवाजात, एकेक शब्द टेबलावर मांडावा तसं म्हणाली, "‘आमची तुमच्याबद्दल तक्रार नाही. गाडीबद्दल आहे. परंतु मुलं गाडीत बसतात, तुमच्यात नाही.’"

"मग?"

छोटीचा आवाज परत तिचा स्वतःचा झाला, आणि बारीक झाला. "शनिवारी आठ वाजता त्या स्वतः गाडीत बसणार. गाडी न तापता वर गेली तर सोमवारपासून पोरं माझी. नाहीतर दुसऱ्या गाडीवाल्याशी त्यांचं बोलणं झालंय. दादा, नऊ वर्षं रे."

थांबानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. बुधवारची दुपार गेली, मध्ये दोन दिवस. "शनिवारी गाडी वर जाईल," तो म्हणाला. एवढं छातीठोक तो आधी कधी बोलत नसे, म्हणून छोटी त्याच्याकडे बघतच राहिली.

गाडी गार होईपर्यंत गल्ली निदान करायला जमली. सलूनवाला म्हणाला, उन्हाचा दोष. घड्याळवाला म्हणाला, वयाचा. सगळ्यांत मोठ्यानं बोलला तो मेव्हणा, थांबाच्या बायकोचा भाऊ. कोपऱ्यावर त्याचं स्पेअर पार्टांचं दुकान होतं आणि प्रत्येक दुखण्याचं औषध त्याच दुकानात असायचं. "दाजी, मी सांगतो ना, हेड गॅस्केट, इंजिनाच्या डोक्याखालचं पॅकिंग गेलंय! इंजिन उघडा. आणि ताई, राग मानू नका, पण चढाला गिअर खाली टाकता ना? बायकांचं कसं होतं, चौथ्यातच ओढत बसतात."

"भाऊ, तुमच्या काउंटरला किती गिअर आहेत हो?" छोटीनं विचारलं. "नाही, नऊ वर्षांत हललेला दिसला नाही."

लोक हसले. पण गिअरचं ते वाक्य छोटीच्या मनात कुसळासारखं रुतलं. थांबाला ते दिसलं. सोमवारपासून ती स्वतःलाच विचारत होती, की आपलंच काही चुकतंय का.

वातावरण हलकं करायला सलूनवाल्यानं थांबाला डिवचलं, "अरे, परत पलंग तर नाही ना अडकला गाडीत?"

ही थांबाची या वर्षातली सगळ्यात गाजलेली गोष्ट होती. तीन आठवड्यांपूर्वी छोटीच्या या गाडीचा रेडिएटरखालचा जाड रबरी पाइप चिरला होता, थेंब थेंब गळायला लागला होता. थांबानं तो काढला, तर आतून गंजून तुकडे झालेलं एक वेटोळं बाहेर पडलं. "आधीच्या कुणा दिवट्यानं पाइपात पलंगाची स्प्रिंग कोंबलीय!" असं म्हणून त्यानं ते तुकडे भंगारात टाकले, नवा पाइप बसवला आणि गोष्ट गल्लीभर केली. एरवी मोजून बोलणारा माणूस, पण ही गोष्ट सांगताना त्याला भान राहायचं नाही. पहिल्या आठवड्यात पाइपातून नुसती स्प्रिंग निघाली होती. दुसऱ्या आठवड्यात गादी निघाली. परवा तर तिच्यावर घोरणारा मेकॅनिकही निघाला होता, आणि थांबानं त्याचं घोरणंही करून दाखवलं होतं.

आता मात्र त्यानं खडू उचलला. कुलंट. झाकण. फॅन. पट्टा. थर्मोस्टॅट. रेडिएटर. पंप. गॅस्केट. आठ नावं.

कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, भरून घेतलं, गळती कुठेच नाही. फुली. झाकणावर दाब देऊन पाहिला, धरून ठेवतंय. फुली. इंजिन चालू करून तो स्टुलावर बसला. काटा अर्ध्यावर आला आणि फॅन घुर्रर्र करून आपणहून फिरला, काटा खाली आला. फुली. पट्टा ताणलेला. फुली. मग त्यानं थर्मोस्टॅट काढला, म्हणजे इंजिन तापलं की उघडणारी छोटी झडप, आणि तो स्वयंपाकघरात गेला.

"अहो!" जिन्यावरून बायकोचा आवाज आला. "त्या पातेल्यात दूध तापवते मी!"

"आज झडप तापू दे."

"आणि उद्या दुधाला ऑइलचा वास आला म्हणजे?"

"उद्या नवं पातेलं आण."

बायको शिवणकाम करायची, तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे पुढचं वाक्य दातांतूनच आलं आणि थांबानं ते समजून न घेतलेलंच बरं. पाण्यात थर्मामीटर उभा करून तो वाकून बघत राहिला. ऐंशीच्या पुढे गेल्यावर झडपेनं डोळा किलकिला केला, पाणी उकळायच्या आत पूर्ण उघडला. फुली.

गुरुवारी त्यानं इंजिन बंद करून, कोमट झालेल्या रेडिएटरच्या जाळीवरून तळहात फिरवला. कुठे गार डाग नाही, म्हणजे आत कुठे गाळ अडकलेला नाही. पंप हलवून पाहिला, घट्ट. गॅस्केटसाठी गार इंजिन चालू करून रेडिएटरच्या तोंडात टॉर्च मारला. बुडबुडा म्हणून नाही. ऑइलची पातळी बघायच्या कांडीवर दुधाळ सायही नाही, म्हणजे ऑइलात पाणी शिरलेलं नाही. संध्याकाळी भिंतीवर आठ नावं होती आणि आठ फुल्या. आणि गाडी, दोन दिवस गॅरेजात चालू ठेवलेली गाडी, एकदाही तापली नव्हती.

मेव्हणा दुकान बंद करता करता डोकावला. "दाजी, सगळं चांगलंय? मग तापते कशी? अजून उद्याचा दिवस आहे, मी सांगतो ना, इंजिन उघडा!"

"उघडून काय शोधू?" थांबा म्हणाला. "काय शोधतोय ते माहीत नसताना उघडलं, तर शनिवारी छोटीला गाडी नाही, डबाभर नटबोल्ट देईन."

शुक्रवारी सकाळी तो चहाचा कप घेऊन वर गेला तर बायको मशीनवर वाकून तिला शिव्या घालत होती. टाके सुटत होते.

"दुरुस्तीवाला येऊन गेला ना काल?"

"आला, हातानं चाक फिरवलं, टुक टुक टुक, चार टाके घातले." बायकोनं दोन बोटांनी अगदी नाजूक चाक फिरवून दाखवलं आणि आवाज त्या माणसाचा काढला, नाकातला. "‘मॅडम, मशीन तर मस्त चाललंय!’ चालणारच! हळू फिरवलं की ती गुणाची. मी पायाखाली जोर धरला की टाके सुटतात. तिला दामटवल्याशिवाय कळणार कसं तिला काय होतंय?"

थांबाचा कप तोंडाशी नेता नेता राहिला.

दोन दिवस त्यानं गाडी उभी करून तपासली होती. आरामात, शांत, मंद गतीनं चालणारी. तापायची मात्र ती चढाला, पाय दाबलेला असताना, भरल्या गाडीनिशी. आणि तापली की छोटी काय करायची? शहाण्या ड्रायव्हरसारखी बाजूला घ्यायची. म्हणजे जे काही होत होतं ते बॉनेट उघडायच्या आत थांबत होतं. पोलीस दारात यायच्या आत चोर घरी जाऊन पांघरूण घेऊन झोपलेला!

"अगं, चल खाली. अॅक्सिलरेटरवर पाय दाबायचाय."

"मला गाडी येत नाही."

"मशीन येतं ना? तसंच दाबायचं."

त्यानं चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, गाडी न्यूट्रलला टाकली. टाचण्या तोंडातच ठेवून बायको ड्रायव्हरच्या जागी बसली. काटा अर्ध्यावर येईपर्यंत थांबलं. मग थांबा फॅनपासून हात लांब ठेवून, टॉर्च घेऊन वाकला. "दाब. अजून. सोडू नकोस."

इंजिन घूंऽऽऽ करून ओरडलं. फॅन फिरतोय, पट्टा पळतोय, वरचा पाइप टणक. त्यानं टॉर्च खाली नेला.

खालचा पाइप आत ओढला जात होता. लिंबू चोखणाऱ्या म्हाताऱ्याची गालफडं आत जावीत तसा मधोमध चपटा होत होता, होत होत दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या.

"पाय काढ!"

इंजिन मंदावलं. पक्! पाइप गोल. भोळ्या चेहऱ्यानं, जसं काही झालंच नाही.

"पुन्हा दाब." चपटा. "काढ." गोल. तिसऱ्यांदाही तेच. रेडिएटरमध्ये गार झालेलं पाणी याच पाइपातून पंप इंजिनात ओढून घेतो. पंपानं जोर लावला की तीन आठवडे तापून आणखी मऊ पडलेला हा पाइप मिटत होता, पाणी अडत होतं, आणि सगळ्यात जास्त गरज असते त्याच वेळी इंजिन तहानलेलं राहत होतं.

पुरावा मिळाला. थांबा सरळ उभा राहिला आणि भिंतीकडे वळला. आठ नावांत ‘खालचा पाइप’ नव्हताच. त्यानं तो लिहिलाच नव्हता. कारण तो नवा होता, आणि त्यानं स्वतः बसवला होता.

मग दुसरी गोष्ट डोक्यात शिरली, आणि ती शिरताना त्याचे कान तापले. असा पाइप ओढला जाऊ नये म्हणून आत काय घालतात? वेटोळं. तारेचं. पाइपाला आतून धरून ठेवणारं. ते पलंगातून आलेलं नव्हतं. गाडी बनवणाऱ्यानं मुद्दाम घातलेलं होतं. कारखान्यातल्या शहाण्या माणसाला त्यानं तीन आठवडे गल्लीभर गादीवर घोरत ठेवलं होतं, आणि सोमवारपासून बहीण स्वतःचे गिअर तपासत होती.

"काय झालं?" बायकोनं टाचण्या काढून विचारलं. त्यानं सांगितलं. तिनं हसू दाबलं, म्हणजे प्रयत्न केला. मग त्याचा चेहरा बघून म्हणाली, "वन्संना आधी सांगा. गल्लीचं नंतर."

पण दुकान वाटेतच होतं.

"खालचा पाइप दे," तो मेव्हण्याला म्हणाला. "आतून स्प्रिंगवाला."

मेव्हण्याचे डोळे चमकले. "स्प्रिंगवाला! गादीसकट देऊ का दाजी?" आणि स्वतःच्या विनोदावर तो काउंटर थोपटून हसला. थांबा हसला नाही. मेव्हण्याचं हसू ओसरत ओसरत, घसरत घसरत, शेवटी हनुवटीपाशी येऊन थांबलं. "म्हणजे... ती स्प्रिंग...?"

"तिथलीच होती. दिवटा मीच."

 मेव्हणा शिडी लावून वर चढला, वरच्या फळीवरचे तीन खोके उघडले आणि तिसऱ्यातला पाइप आत बोट घालून चाचपला. "घ्या. तार शाबूत आहे." खाली उतरताना तो पुटपुटला, "मागच्या खेपेला मऊ पाइप मीच दिला होता, दाजी. तुम्ही मागितलात तो दिला, पण विचारायला हवं होतं."

जेवणाच्या वेळेला छोटी आली. थांबानं तिला स्टुलावर बसवलं, नवा पाइप तिच्या हातात दिला, आत बोट घालायला लावलं, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. पलंगसुद्धा वगळला नाही.

छोटी पाइपाच्या तोंडातून आत बघत राहिली.  

"परवा त्या वळणावर," ती शेवटी म्हणाली, आणि चक्क थांबून थांबून म्हणाली, "मला वाटलं, माझे हात म्हातारे झाले. पोरांना न्यायची माझी लायकी राहिली नाही. घरी जाऊन मी रडले, दादा."

"माहीत नव्हतं मला."

"आता झालं माहीत." तिनं पाइप त्याच्या हातात परत दिला. "बसव. आणि उद्या तूही गाडीत बसायचंस. वर जाईपर्यंत."

पाइप बसला. क्लिपा आवळल्या, कुलंट भरलं, आतली हवा काढली. बायकोनं पुन्हा पाय दाबला, इंजिन ओरडलं, आणि पाइप गोल राहिला. दोनदा, पाचदा, दहादा. दुपारी छोटीनं रिकामी गाडी टेकडीवर नेली आणली. काटा अर्ध्यावर. तरी थांबाचा जीव भांड्यात पडला नाही, कारण रिकामी गाडी म्हणजे पुरावा नव्हे.

शनिवारी आठला मोठ्या बाई पायथ्याच्या फाटकाशी उभ्या होत्या. कडक इस्त्रीचे कपडे, हातात वही. पुढे बसल्या, पट्टा लावला. मागच्या लहान मुलांच्या सीटवर थांबा गुडघे कानाशी घेऊन बसला होता. "हे कोण?"

"माझा दादा. मेकॅनिक."

गाडी निघाली. पूल गेला, पहिलं वळण गेलं. छोटीनं गिअर खाली टाकला. तिसऱ्या वळणावर तिन्ही माणसं एकाच काट्याकडे बघत होती. काटा अर्ध्यावर चिकटलेला.

"दोष काय होता?" मोठ्या बाईंनी मान न वळवता विचारलं.

‘मऊ पाइप’ असं दोन शब्दांत सांगता आलं असतं. खोटंही ठरलं नसतं. छोटीनं आरशातून मागे बघितलं, पण ओठ मिटलेलेच ठेवले.  थांबाला वाटलं, आता खरं सांगितलं आणि बाईंचा विश्वास उडाला, तर छोटीचं नऊ वर्षांचं काम जाणार. आणि नाही सांगितलं, तर दोष कोणाच्या तरी हातांवर राहणार, आणि ते हात स्टिअरिंगवर होते.

"दोष माझा होता," तो म्हणाला. "तीन आठवड्यांपूर्वी पाइप बदलताना आतली स्प्रिंग मी कचरा समजून टाकून दिली. त्यामुळे चढाला पाणी अडायचं. गाडी चालवण्यात काही चूक नव्हती. उलट हिनं दोन्ही वेळा वेळेवर थांबवली, म्हणून इंजिन वाचलं."

मोठ्या बाईंनी वहीत एक ओळ लिहिली. गाडी शाळेच्या फाटकात शिरली. काटा अर्ध्यावर.

"उतरू नका," त्या म्हणाल्या. आणि खिडकीतून डोकं काढून त्यांनी आवारात उभ्या शिक्षकांना हाक मारली. "तुम्ही, तुम्ही, आणि खेळाचे सर, आपण तर याच. आणि ती पुस्तकांची दोन खोकी." खेळाचे सर म्हणजे एकटेच दीड माणूस. ते शिरले तसा थांबा खिडकीला चिकटला. "आता खाली. आणि पुन्हा वर. भरलेल्या गाडीनं."

छोटीनं भावाकडे बघितलं. थांबानं मान हलवली. "चल."

पहिल्या वळणावर इंजिनाचा आवाज जड झाला. दुसऱ्यावर खेळाच्या सरांनी विचारलं, "मी उतरू का?" आणि मोठ्या बाई म्हणाल्या, "बसा." तिसऱ्या वळणावर काटा अर्ध्यावरून केसभर वर सरकला. छोटीनं दुसरा गिअर टाकला, पाय दाबून ठेवला आणि काट्याकडे न बघता रस्त्याकडे बघत राहिली. थांबाला इंजिनाच्या आवाजातून तो पाइप दिसत होता, गोल, तारेनं आतून धरलेला. घुर्रर्र. फॅन लागला. काटा केसभर खाली आला, आणि शाळा आली.

सगळे उतरले. मोठ्या बाईंनी वही उघडली. "सोमवारी सात चाळीसला पहिलं मूल," त्या छोटीला म्हणाल्या. मग थांबाकडे वळल्या. "दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी तुम्ही गाडी तपासायची. काय पाहिलं, काय काढलं, काय घातलं, हे मला लेखी हवं. तुम्ही काढलेली प्रत्येक वस्तू, कचरा वाटली तरी."

"आजपासून देतो," थांबा म्हणाला. "कागद आहे?"

त्यांनी वहीतलं एक पान फाडून दिलं. बॉनेट अजून गरम होतं, म्हणून त्यानं कागद छतावर ठेवला आणि चष्मा नाकावर ओढून, डाव्या हातानं पान धरून, सावकाश लिहायला सुरुवात केली. पहिली ओळ ‘काढले’ या शब्दानं सुरू होत होती. शेजारी छोटी खेळाच्या सरांना सांगत होती, "तिसऱ्या वळणावर सर तुम्ही उतरू का म्हणालात ना तेव्हा मला वाटलं आता हसले तर पाय सुटेल म्हणून मी जीभ चावली बघा अजून दुखतेय आणि सोमवारी त्या चष्मेवालीला काय सांगू की गाडीनं इस्त्री सोडली..."